नाजूची मोठी गादी

विहिरीत गळ टाकून झाला होता. गळाला काही लागलं नाही, म्हणून गजानन कमरेला दोर बांधून स्वतः खाली उतरला होता. वर काठावर वैशालीला दोघींनी धरून ठेवलं होतं. सोडली असती तर ती गजाननच्या आधी पाण्यात गेली असती. तिचा गोलू, चार वर्षांचा, दुपारच्या जेवणानंतर कुठं गेला ते कुणाला कळत नव्हतं.

गोलूबरोबर शेवटी खेळत होती ती नाजू, गादीवाल्या सलीमची धाकटी. तीही चारचीच. सारं गाव तिच्यावर वाकलं होतं.

“गोलू विहिरीत पडला काय गं?”

“हो.”

“तू पाह्यलं?”

“हो.”

“कोनं ढकललं काय त्याले?”

“हो.”

ढकललं म्हटल्याबरोबर माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. गावात ढकलणाऱ्याचं नाव काढायला वेळ लागत नाही. मी मधे घुसले, नाजूचा हात धरला आणि विचारलं, “गोलूले वाघानं नेलं काय गं?”

“हो,” नाजू म्हणाली.

आमच्या शिवारात वाघ नाही. वाघ होता तो अंगणवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यात, उंटाच्या शेजारी. एकाला हसू आलं, ते त्यानं वैशालीकडे पाहून गिळलं.

“पाह्यलं? हे पोट्टं साऱ्याले हो म्हनते,” मी म्हटलं. “इच्या हो वर नका जाऊ.”

“मंग काय करू वं बुढे?” गोलूचा आजा नामदेवबुवा माझ्यावर ओरडला. “हातावर हात देऊन बसू?”

गजाननला कुणी वर बोलावलं नाही. वाघ खोटा निघाला म्हणून विहीर खोटी ठरत नव्हती.

आता मी कोण ते सांगून घेते. गजानन तोवर विहिरीत राहील. त्याला सवय आहे, गावातल्या पडलेल्या बादल्या तोच काढतो.

मी अंगणवाडीत मदतनीस होते. माहेर चांदूर बाजारचं, शाळा चौथीपर्यंत. मग लग्न करून इकडे अकोटच्या बाजूला आले. मदतनीस काय करते ते शहरातल्या माणसाला ठाऊक नसतं. सेविका पोरांना शिकवते, त्यांची वजनं घेते, कागद भरते. मदतनीस घरोघरून पोरं गोळा करून आणते, झाडते, पाणी भरते, खिचडी शिजवते, शेंबूड पुसते, चड्ड्या बदलते आणि दुपारी ज्याचं पोर त्याच्या दारात नेऊन सोडते. त्या दिवशी गोलूला मी वैशालीच्या हातात दिला होता आणि नाजूला तिच्या मायच्या. ती दोघं पुन्हा बाहेर कधी सटकली ते त्यांनाच माहीत.

आमच्या सेविका सुनीता मॅडम. त्या समोर बसून तक्ता दाखवायच्या आणि मी मागं बसायचे, सगळ्यात लहान पोर मांडीवर घेऊन. मागं बसलं की पोरं मॅडमना जे सांगतात ते ऐकू येतंच, वर आपसात जे पुटपुटतात तेही ऐकू येतं. दुपारी पातेली घासताना आम्ही दोघी त्यावरच बोलत बसायचो. नोकरीत दुसरी करमणूक नव्हती.

पोराला वस्तू ओळखू येते म्हणून तिचं नाव वेळेवर तोंडात येतं असं नाही. नाव घरातच असतं, कोणत्या डब्यात ठेवलं ते आठवत नाही. मग पोर काय करतं ते त्याच्या वयावर असतं.

दोन-अडीच वर्षांचं पोर डबे हुडकतच नाही. ते तुमचा पदर धरतं आणि ओढत नेतं. कुठं न्यायचं ते त्याला पक्कं ठाऊक असतं. साहेब लोकांसारखं नुसतं बोट दाखवतं आणि काम होतं.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते शेजारच्या घरात जातं. मॅडम छत्री दाखवायच्या, पोरं ओरडायची, “पाऊस!” कुलूप दाखवलं की “किल्ली”. कंगवा दाखवला की “केस”. नाव सापडलं नाही की त्याच्या शेजारी जे सापडेल ते उचलून आणायचं आणि आपलं काम झालं म्हणून मोकळं व्हायचं. खोटेपणा त्यात काही नाही. साखर मागायला गेलेली सून गूळ घेऊन येते, तेवढंच.

पाचव्या वर्षी पोर वस्तूचं काम सांगायला लागतं. एका पोरीला मी चाळणी दाखवली. ती म्हणे, “माय पीठ टाकते अन् असं असं करते अन् थे खाली पडते.” असं असं करताना हात, कंबर, मुंडकं, दोन्ही वेण्या, सगळं हललं. तेवढ्यात माझं किलोभर पीठ चाळून झालं असतं. तीच पोरगी पुढच्या वर्षी म्हणाली, “गोल असते, भोकं असतात, पन झारा नाई.” इथं मी कान टवकारले. वस्तू काय नाही हे सांगायला लागलं की पोराच्या डोक्यात डबे ओळीनं लागायला लागले असं समजावं.

मग ती शाळेत जातात. तिथं अक्षरं कळतात आणि नावाला शेंडीकडून धरता येतं. “च... चा... थांब मावशी, सांगू नको, सांगू नको!” हे ‘सांगू नको’ म्हणेल तो दिवस माझ्या लेखी पोर मोठं झाल्याचा. आपल्याला माहीत आहे, आत्ता नाही पण येईल, हे त्याचं त्याला कळतं. दात पडणं, उंची वाढणं ही त्यापुढं किरकोळ गोष्ट.

दहा-बाराची पोरं तर बसल्या जागी गावभर हिंडून येतात. माझ्या नातीला एकदा भाजीचं नाव आठवेना. तिनं डोळे मिटले आणि आमच्या बाजाराच्या रांगेत चालायला लागली. “पहिली मिरचीवाली, मंग वांगेवाला, मंग थो खोकलनारा बुढा, मंग... ढेमसं!” मी ढेमशाची भाजी करावी म्हणून तिनं एवढी पायपीट केली नव्हती हे खरं, पण सापडलं.

पुढं माणूस म्हातारं होतं आणि पुन्हा पदर ओढायला लागतं. आमचे हे रोज सकाळी म्हणतात, “थे आन वं.”

“कोन्तं थे?”

“थे नाई का, थे! थ्या थ्याच्यावर ठेवलं थे.”

मी चष्मा आणून देते. तो बरोबर निघतो, म्हणूनच त्यांची प्रगती खुंटली आहे.

खुंटण्यावरून बबन आठवला. बबन चार वर्षांचा झाला तरी तोंड उघडत नव्हता. त्याची आजी अंगणवाडीच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसायची. मॅडम विचारायच्या, “बबन, काय पाहिजे?” आजी म्हणायची, “पानी पाहिजे त्याले.” मॅडम विचारायच्या, “तुझं नाव काय?” आजी म्हणायची, “बबन.” त्याला अकोल्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं जीभ पाहिली, कान पाहिले, मग आजीला पाहिलं आणि सांगितलं की पोर ठीक आहे, हिला जरा लांब बसवा. मी तिला चुलीपाशी नेऊन तांदूळ निवडायला दिले. काही दिवसांनी बबन पळत स्वयंपाकाकडे आला. आजी तांदळातून मान वर करून म्हणाली, “भूक लागली माह्या राजाले.”

बबननं पाय आपटला. “आजी, तू चूप बस. शी लागली.”

त्याचं पहिलं अख्खं वाक्य ते. आजी आठवडाभर रुसली. मी मात्र मॅडमना पेढे मागितले.

तेव्हापासून आमच्या अंगणवाडीत एक नियम होता. पोराच्या तोंडात आपला शब्द कोंबायचा नाही. लहान पोर शब्द शोधून दमलेलं असतं. आपण त्याला कोणताही शब्द दिला की ते ‘हो’ म्हणतं आणि सुटतं. ते हो तुमच्या प्रश्नाचं उत्तर नसतं. ‘आता मला सोडा’ एवढाच त्याचा अर्थ. आताच्या पोरांना मायबाप रडायच्या आधी मोबाईल देतात, मागायच्या आधी बिस्कीट देतात. पोरांना शब्द शोधायला कारणच उरलं नाही. मी बोलले की सून म्हणते, आई, जमाना बदलला. बदलला असेल. शी लागली हे तर अजून सांगावंच लागतं.

तर विहीर.

‘हो’ शिवाय नाजू एकच गोष्ट बोलली होती, तीही सगळ्यात आधी, कुणी काही कोंबायच्या आत. गोलू कुठं गेला विचारल्यावर ती म्हणाली होती, “गादी में.” घरी ते उर्दू बोलतात, बाहेर आमच्यासारखंच. गादी म्हटल्यावर सगळे सलीमच्या दुकानात धावले. सलीमनं गाद्यांची चळत उपसली. मग कात्री घेतली आणि लग्नघरच्या शिवून तयार गाद्या टराटरा फाडल्या. आत रुई होती, गोलू नव्हता. मग लोकांनी ठरवलं की पोरगी काहीही बरळते, आणि बरळते म्हणून विहिरीवर आणून तिलाच पुन्हा विचारलं.

मॅडमही तिथं आल्या होत्या, मी त्यांना म्हटलं, “माणसं मागं घ्या.” त्यांनी आवाज चढवून सगळ्यांना मागं सारलं. वैशाली रडणं थांबवून माझ्याकडे पाहत होती. ते पाहणं मला नको होतं. मी काही देवाचा अंगारा देणारी नव्हते.

“नाजू, गोलूनं काय केलं थे करून दाखव. बोलू नको.”

नाजू हसत जनावरांच्या हौदाच्या कठड्यावर चढली. दोन्ही हात पसरले आणि धाडकन उडी मारली. ढुंगणावर आपटली. तिला लागलं, आणि लागलं म्हणून ती चकित झाली. म्हणजे जिथं गोलूनं उडी मारली तिथं लागलं नव्हतं. पाण्यात मारली असती तर ती अशी हसत चढली नसती.

“गोलू ऐसा कूदा,” ती कमरेला हात लावून म्हणाली. “बडी गादी में.”

“कितनी बडी गं?”

तिनं मान मागं टाकून वर पाहिलं, लिंबाच्या फांदीपर्यंत. “घर जैसी.”

“मंग?”

“फिर नहीं दिखा.”

“कुटार!” नामदेवबुवा मागून ओरडला. “कुटाराच्या, भुशाच्या ढिगात घुसला काय गं?”

“हो,” नाजू म्हणाली.

“चूप बसा नं बुवा!” मी आणि मॅडम एकदम ओरडलो.

नाजूची थोरली बहीण रुबीना तिथंच उभी होती, वेणीचं टोक चावत. तिसरीतली पोरगी, आमच्याच अंगणवाडीतून गेलेली. ती म्हणाली, “मौसी, रुको. बताओ मत.” आणि तिनं डोळे मिटले. ओठ हलत होते. ते तोंड मी ओळखलं. हे काम तिच्या वयाचं होतं, माझं नाही, आणि नाजूचं तर नाहीच.

डोळे न उघडता तिनं विचारलं, “नाजू, अब्बा की रुई जैसी थी?”

“हो.”

मला वाटलं, घातला हिनंही शब्द तोंडात. पण नाजूनं आपणहून मान हलवली. “नहीं. चुभती.” आणि मान खाजवली.

रुबीनानं डोळे उघडले. “कापूस! मौसी, सरकीवाला कापूस!”

सलीमच्या घरी येते ती जिनिंगमधून निघालेली स्वच्छ रुई. ती टोचत नाही. टोचतो तो शेतातून वेचून आणलेला कापूस, त्यात सरकी असते, वाळक्या पाल्याचा कचरा असतो. कापूस हा शब्द नाजूला येत नव्हता असं नाही. तक्त्यात ती रोज तो सांगायची. पण तक्त्यातला कापूस बोंडात होता, घरातल्याला रुई म्हणत होते, आणि हा घराएवढा ढीग तिसराच काही होता. त्यात डोळ्यांदेखत गोलू नाहीसा झाला. भीतीनं डबाच बंद झाला. मग तिनं शेजारच्या घरातून गादी उचलून आणली. पोरगी पहिल्यापासून खरं बोलत होती.

तेव्हा वेचणी सरत आली होती आणि भाव येईल म्हणून घरोघर कापूस भरून ठेवलेला होता. वैशालीच्या घरीही.

“आमच्या खोलीले कुलूप हाय!” वैशाली म्हणाली. “किल्ली माह्या कमरेले हाय, पाहा!”

त्या कुलपावरून दुपारपासून सारं गाव गेलं होतं. कुलूप आहे म्हणजे पोर आत नाही. पण आमच्याकडे कापूस कसा भरतात? दारातून छातीएवढा भरला की दार ओढून कुलूप लावतात, आणि उरलेला मागच्या खिडकीतून आत लोटतात, थेट खिडकीला लागेपर्यंत. गेल्या आठवड्यात नामदेवबुवानं स्वतः बैलगाडीवर उभं राहून तो लोटला होता. खिडकी उघडीच होती. खाली गाडीही तशीच उभी होती, पोरांना चढायला सोयीची. हे तिथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं, कारण प्रत्येकाच्या घरी तसंच होतं. म्हणूनच कुणाला सुचलं नाही.

आधी बुवा पळाला. मग सगळे पळाले.

वैशालीनं दाराला किल्ली लावली तर बुवानं तिचा हात धरला. “दार नको उघडू माय! सारा ढीग सरकन त्याच्या अंगावर!” शेतकऱ्याचं डोकं उशिरा चाललं, पण चाललं. सलीमनं नाकातोंडाला दुपट्टा बांधला आणि गाडीवर चढून खिडकीतून आत गेला. तो ढिगावर उभा राहिला नाही. पोटावर पालथा पडला आणि भिंतीच्या कडेकडेनं हातांनी कापूस उकरून मागं टाकायला लागला. आम्ही खिडकीतून कवेकवेनं बाहेर ओढत होतो. अंगण पांढरं झालं. गोलूचा बाप भाव विचारायला अकोटला गेलेला, त्याला कुणी फोनही केला नव्हता. काय सांगणार?

“हात लगा!” आतून सलीम ओरडला. “हात लगा, हात लगा!”

ढीग आणि भिंत यांच्या फटीत गोलू उभाच्या उभा घसरला होता आणि वरून कापूस बसला होता. भिंतीकडे तोंड होतं, तेवढी हवा त्याला पुरली. बाहेर काढला तेव्हा त्याचा रंग मी सांगत नाही. मॅडमनी त्याला आडवा धरला, तोंडात बोट घालून कापूस काढला, पाठीवर थापा मारल्या. एक नाही, दोन नाही. मग तो खोकला. लाळेनं भिजलेला बोळा बाहेर पडला आणि पोरानं असं भोकाड पसरलं की बैल दावणीला उठून उभे राहिले.

वैशालीनं त्याला छातीशी धरला. श्वास लागल्यावर त्यानं आमच्या सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, “माही चप्पल.”

एवढ्या संकटातून आलं पोरगं, पण शब्द बरोब्बर सापडला. चप्पल पुढं कापूस ट्रॅक्टरमध्ये भरताना सापडली. तोवर त्याचा पाय मोठा झाला होता.

एक गोष्ट मला अजून टोचते. त्या दुपारी नाजूच्या केसांत कापूस होता, भरपूर होता, वाळक्या पाल्यासकट. आम्ही सगळे तासभर तिच्या डोक्यावर वाकून होतो. पण गादीवाल्याच्या पोरीच्या केसांत कापूस रोजच असतो, म्हणून कुणाच्या डोळ्यांना तो दिसला नाही.

नाजू आता हायस्कुलात जाते. ही गोष्ट निघाली की माझ्याशी भांडते. “मौसी, झूठ. मैं कापूसच बोली थी.” मी म्हणते, “हो.” तिला हे ‘हो’ कसलं आहे ते कळतं आणि ती आणखी चिडते.

त्या दिवशी वैशालीच्या अंगणात हसणं, रडणं, नारळ फोडणं सगळं झाल्यावर सलीम पाणी मागायला वळला आणि पाणी म्हटल्यावर नामदेवबुवाला आठवलं.

“अरे बाप्पा! गजानन कुठं हाय?”

दोर धरणाऱ्यांनी तो लिंबाच्या बुंध्याला बांधला होता आणि तेही आमच्याबरोबर पळत आले होते. आम्ही परत विहिरीकडे गेलो. गजाननचा आवाज वेशीपासूनच येत होता. बुवाच्या खानदानाबद्दल, आमच्या सगळ्यांबद्दल, माझ्याही नावानं. त्याला एकाही शब्दासाठी अडावं लागत नव्हतं.

गोलू कापसातून जिवंत निघाला. गजानन विहिरीतून.